आयती निवड कोणाच्या फायद्याची?

‘प्रत्येक निर्णय जाणीवपूर्वक घ्या’ असा सल्ला सध्या सगळीकडून मिळतो. सल्ला चांगला आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. निर्णय आपल्यासमोर येतो आणि आपणच आळसाने किंवा घाईने तो धड घेत नाही, असं हा सल्ला मानतो. घरखर्च, कर्ज, विमा, बचत यांतले बरेचसे निर्णय मात्र आपल्यासमोर येतच नाहीत. फॉर्म हातात पडतो तेव्हा चौकटीत खूण आधीच झालेली असते. कर्जाच्या कागदांवर सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या असतात. तिकीट काढताना विम्याचे पैसे बेरजेत आलेले असतात. आपण काहीच केलं नाही तर जे लागू होतं, त्याला या लेखात आयता पर्याय म्हटलं आहे. माणूस रोज किती सावध राहतो यापेक्षा त्याच्यापुढे कोणते आयते पर्याय ठेवले जातात, यावर त्याचा पैसा जास्त ठरतो. म्हणून ते पर्याय ठरवणाऱ्यांना जाब विचारणं हे सार्वजनिक काम आहे. आणि ज्याला विचारपूर्वक जगायचं आहे त्याने आपलं लक्ष रोजच्या बारीकसारीक गोष्टींत न उधळता या मोजक्या पर्यायांवर लावायला हवं.

आयत्या पर्यायाची ताकद किती असते, हे अवयवदानाच्या आकड्यांवरून जगाला कळलं. २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात युरोपातल्या देशांची तुलना प्रसिद्ध झाली. जर्मनीत अवयवदानासाठी स्वतःहून नाव नोंदवावं लागे आणि तिथे संमतीचं प्रमाण होतं १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात, नको असेल तर कळवा, असा नियम होता आणि तिथे ते ९९ टक्क्यांच्या वर होतं. दोन्हीकडची माणसं, भाषा, रुग्णालयं यांत एवढा फरक नाही. फरक फॉर्ममध्ये होता. या आकड्यांवरून बरेच जण ‘ऑस्ट्रियासारखं करा’ असा निष्कर्ष काढतात. तो घाईचा आहे. त्या ९९ टक्क्यांपैकी किती जणांनी या प्रश्नाचा एकदा तरी विचार केला असेल? प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा डॉक्टर बहुतेकदा नातेवाइकांना विचारतात, आणि मेलेल्या माणसाची इच्छा काय होती हे त्यांना सांगता येत नाही. मौन म्हणजे संमती हे तत्त्व सभेतल्या ठरावाला चालेल. ज्याने प्रश्नच ऐकला नाही त्याच्या मौनाला संमती म्हणता येत नाही.

तरीही सगळे आयते पर्याय वाईट नसतात. १ जानेवारी २०२० पासून देशात विकले जाणारे तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू व्हावेत, असा नियम आहे. तापमान एका अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब आहे. ज्याला १८ अंश हवेत त्याने रिमोटचं बटण सहा वेळा दाबायचं, इतकंच. भविष्यनिर्वाह निधीची १२ टक्के कपात पगार हातात येण्याआधी होते, म्हणून तर नोकरदारांच्या घरांत निवृत्तीला काही शिल्लक राहते. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे: आपण लक्ष दिलं नाही तर फायदा आपला किंवा सगळ्यांचा होतो. मला वाटतं कसोटी हीच असावी. मी दुर्लक्ष केलं तर कोणाच्या खिशात पैसे जातात? आणि मला नको असेल तर बाहेर पडणं आत येण्याइतकंच सोपं आहे का?

या कसोटीवर पीक विमा घासून पाहू, कारण महाराष्ट्रात आयत्या पर्यायाची मोठी उलाढाल तिथे आहे. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा पीक कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याला ती सक्तीची होती. २०२० च्या खरिपापासून ती ऐच्छिक झाली, असं जाहीर झालं आणि वर्तमानपत्रांनीही तेच मथळे दिले. नियमाचा तपशील मात्र वेगळा होता. कर्जदार शेतकऱ्याला विमा नको असेल तर त्याने नोंदणीच्या अंतिम तारखेच्या किमान सात दिवस आधी बँकेला तसं लेखी कळवायचं. कळवलं नाही तर हप्ता कर्जखात्यातून कापला जाणार. अंतिम तारीख ३१ जुलै असेल तर अर्ज २४ जुलैपर्यंत पोहोचायला हवा. पेरणी, दुबार पेरणी, खताची रांग या सगळ्यात तो आठवडा असतो.

शेतकऱ्याचा हिस्सा खरिपातल्या अन्नधान्य आणि गळीत पिकांना विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी आणि फळपिकांना जास्तीत जास्त ५ टक्के. हेक्टरी विमा रक्कम ५०,००० धरली तर सोयाबीनला हजार रुपये. हजार रुपयांत पिकाला संरक्षण मिळत असेल तर बहुतेक जण आनंदाने देतील, आणि द्यावेतही. अडचण रकमेची नाही. बँक विमा उतरवते तो तिच्याकडच्या कर्जाच्या कागदांवरून. पीक कर्जाची मर्यादा पिकानुसार ठरते, त्यामुळे कागदावर ज्या पिकासाठी कर्ज मंजूर झालं तेच पीक शेतात उभं असेल असं नाही. पाऊस लांबला, बियाणं मिळालं नाही, भाव पडले, की शेतकरी ऐनवेळी पीक बदलतो. कागदावर कापूस आणि वावरात तूर असेल तर कापलेल्या हप्त्याचा उपयोग शून्य. ई-पीक पाहणीत, म्हणजे पेऱ्याच्या सरकारी नोंदीत, तूर दिसते, विम्यात कापूस. दोन नोंदी जुळत नाहीत आणि दावा अडकतो. अंतिम तारखेच्या दोन दिवस आधीपर्यंत विम्यातलं पीक बदलून घेता येतं, अशी तरतूद आहे. पण त्यासाठी आपल्या नावावर कोणत्या पिकाचा विमा चढला आहे हे आधी कळायला हवं, आणि ते सांगण्याची सोय विकास सोसायटीच्या पातळीवर बहुधा नसते.

दुसऱ्या टोकाला महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा दिला. शेतकऱ्याचा उरलेला हिस्सा राज्याने भरला. अर्जांचा पूर आला. त्यात दुसऱ्याच्या, सरकारी आणि पडीक जमिनीवर काढलेले बनावट अर्जही निघाले, आणि २०२५ च्या खरिपात योजना गुंडाळून पुन्हा टक्केवारीचा हिस्सा लागू झाला. मग सहभाग घसरला. म्हणजे पाच-सहा वर्षांत शेतकऱ्याने सक्ती पाहिली, ‘नको म्हटलं नाहीस म्हणजे हवं आहे’ हे पाहिलं, जवळजवळ फुकट पाहिलं आणि पुन्हा विकत पाहिलं. या चारही प्रकारांत त्याला बसवून कोणी विचारलं नाही की तुझ्या गटात काय पेरलं आहेस, मागच्या हंगामांत उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली गेलं तर भरपाई मिळते ते) किती होतं आणि या विम्यात कोणतं नुकसान धरलं जातं. एक पानभर प्रश्न आणि ‘हवा’ किंवा ‘नको’ अशा दोन कोऱ्या चौकटी, पीक कर्जाच्या नूतनीकरणाच्याच दिवशी, सोसायटीच्या सचिवासमोर. एवढं करायला कायदा बदलावा लागत नाही. कर्जदार शेतकऱ्याने आज काय करावं? जूनमध्येच बँकेला लेखी कळवावं की या गटात हे पीक आहे, विमा याच पिकाचा उतरवा, किंवा उतरवू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. हप्ता कापल्यावर पावतीवरचं पीक, गट क्रमांक आणि क्षेत्र ताडून पाहावं. चूक असेल तर १४४४७ या मदतवाहिनीवर आणि बँकेत, दोन्हीकडे नोंदवावी. फक्त फोनवर सांगून थांबू नये.

शहरात हाच खेळ गृहकर्जाच्या टेबलावर चालतो. २५ लाखांचं कर्ज मंजूर होतं आणि सोबत ‘कर्जाला विमा लागतोच’ असं सांगून ६०,००० रुपयांचा एकरकमी हप्त्याचा विमा जोडला जातो. पैसे खिशातून द्यायचे नसतात, कर्जातच मिळवले जातात, म्हणून कोणी हरकत घेत नाही. ९ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर त्या ६०,००० पोटी ईएमआय सुमारे ५४० रुपयांनी वाढतो आणि शेवटी १,२९,५०० च्या आसपास भरले जातात. शिवाय अनेक योजनांत विम्याची रक्कम शिल्लक कर्जासोबत घटत जाते. कर्त्या माणसाच्या माघारी घर कर्जमुक्त राहावं ही इच्छा योग्यच आहे, पण ती साध्या मुदत विम्यानेही पूर्ण होते. तिथे हप्ता दरवर्षी भरायचा असतो आणि कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी विमा आपल्याकडेच राहतो. ठराविक कंपनीचाच विमा घ्या असा आग्रह बँकेने धरणं नियमाला धरून नाही.

इथे नियामकाने एक चांगलं काम केलं आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासोबत ‘मुख्य तथ्य विवरण’ देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं. ते कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत असलं पाहिजे. त्यात सगळे आकार, विम्यासारखे तिसऱ्या पक्षाचे खर्चसुद्धा, धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात, विवरण दिल्यानंतर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात आणि त्या काळात त्याच अटी कायम राहतात. त्यात न लिहिलेला कोणताही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. म्हणून सहीच्या दिवशी विवरण हातात ठेवून लगेच सही मागितली, तर ‘तीन दिवसांनी येतो’ असं निःशंक सांगावं. विमा गळ्यात पडलाच असेल तर पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते; थोडी वजावट होऊन हप्ता परत येतो. बहुतेकांची ही मुदत हातची जाते, कारण कागद कर्जाच्या फाइलमध्ये राहतो आणि फाइल घरी येऊन कपाटात जाते. पॉलिसी स्वतंत्रपणे मागून घेणं, ईमेलवर आली असेल तर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवणं, एवढी दक्षता पुरते.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे छापलेले असतात: एकूण देय आणि किमान देय. कार्डाचं बिल खात्यातून आपोआप भरण्याचा फॉर्म भरताना या दोन्हींपैकी एक निवडायचा असतो. ज्याने घाईत किमान देय निवडलं, त्याचं काय होतं ते पाहा. बिल ४०,००० चं, किमान देय ढोबळ ५ टक्के म्हणजे २,००० रुपये. उरलेल्या ३८,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी १,३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे २४०. म्हणजे भरलेल्या दोन हजारांतून मूळ रक्कम जेमतेम ४३० रुपयांनी कमी झाली. प्रत्यक्षात हिशेब याहून वाईट असतो, कारण व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. खातेदाराला मात्र दर महिन्याला ‘बिल भरलं’ असा संदेश येत राहतो. कार्ड नकोच असेल तर बंद करण्याची विनंती केल्यावर, थकबाकी नसल्यास, बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं; त्यापुढे बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. विनंती लेखी आणि तारखेसह हवी, म्हणजे दंडाचा दावा टिकतो.

म्युच्युअल फंडाचं उदाहरण शांत आहे, पण रकमेने मोठं. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला ‘डायरेक्ट’ योजना ठेवावी लागते. तीत वितरकाचं कमिशन नसतं. तोच फंड, तोच व्यवस्थापक, तेच शेअर. फक्त खर्च कमी. बँकेत किंवा ओळखीच्या प्रतिनिधीकडे फॉर्म भरला की वितरकाचा क्रमांक आधीच छापलेला असतो आणि आपण ‘रेग्युलर’ योजनेत जातो. महिन्याला ५,००० रुपये २० वर्षं गुंतवले, एका बाजूला वार्षिक १२ टक्के आणि दुसऱ्या बाजूला कमिशनमुळे ११ टक्के परतावा धरला, तर शेवटी सुमारे ५० लाख आणि ४३ लाख ७० हजार असा फरक पडतो. गुंतवलेले आहेत १२ लाख. बाजार काय देईल हे कोणी सांगू शकत नाही, पण एक टक्क्याचं वजन यातून कळतं. मला प्रतिनिधींविरुद्ध काही म्हणायचं नाही. बाजार पडला असताना घाबरलेल्या गुंतवणूकदाराला थांबवून धरणारा प्रतिनिधी त्याच्या कमिशनपेक्षा कितीतरी जास्त वाचवतो. ज्याला अशी साथ हवी त्याने ती मोबदला देऊन घ्यावी, पण मोबदला किती हे माहीत असावं. विवरणपत्रात योजनेच्या नावापुढे ‘रेग्युलर’ की ‘डायरेक्ट’ लिहिलेलं असतं. बदल करायचा असेल तर तो विकून पुन्हा घेतल्यासारखाच धरला जातो, म्हणून आधी निर्गमन शुल्क आणि भांडवली लाभावरचा कर पाहावा. बहुतेक वेळा जुनी रक्कम आहे तिथे ठेवून नवी एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करणं सोयीचं पडतं.

मोबाइलवरच्या सापळ्यांबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत साफ लिहिलं आहे की खरेदीची संमती ग्राहकाने स्वतः कृती करून द्यायला हवी; आधीच खूण केलेल्या चौकटीतून ती धरता येणार नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांचे १३ प्रकार बेकायदा ठरवले. टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, खोटी घाई निर्माण करणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणी बंद करण्याची वाट दडवणं, हे सगळे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं गेलं. ज्याने चूक करायची त्यानेच ती शोधायची, ही पद्धत मला पुरेशी वाटत नाही. सरकारने पन्नास मोठ्या अ‍ॅपवर दर तिमाहीला खरेदी करून पाहावी, तिकीट काढावं, वर्गणी सुरू करून बंद करावी, आणि प्रत्येक ठिकाणी किती पायऱ्या लागल्या ते जाहीर करावं. आत यायला दोन आणि बाहेर पडायला नऊ पायऱ्या असतील तर आकडाच पुरे.

यूपीआय ऑटोपेला मंजुरी देताना पिन टाकण्याआधी तीन गोष्टी वाचायच्या. पहिली, कमाल रक्कम: महिन्याला १९९ ची वर्गणी असली तरी मंजुरी कित्येक हजारांपर्यंतची असू शकते. दुसरी, वारंवारता: ‘मागणी होईल तेव्हा’ असं असेल तर कापणाऱ्यावर वेळेचं बंधन उरत नाही. तिसरी, शेवटची तारीख, जी बरेचदा अनेक वर्षं पुढची असते. १५,००० पर्यंतच्या कपातीला नंतर पुन्हा पिन किंवा ओटीपी लागत नाही. विमा, म्युच्युअल फंड आणि कार्डाच्या बिलाला ही मर्यादा एक लाख आहे. २४ तास आधी संदेश येतो, तो जाहिरातींच्या गर्दीत हरवतो. आणि सर्वांत सामान्य चूक म्हणजे अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकलं की वर्गणी थांबली असं समजणं. मंजुरी बँकेकडे असते, अ‍ॅपमध्ये नव्हे. ती यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात जाऊन रद्द करावी लागते. कार्डावरची असेल तर बँकेच्या ई-मँडेट (आपोआप कपातीच्या मंजुऱ्यांच्या) पानावरून. कर्जाच्या हप्त्याची मंजुरी मात्र अशी रद्द करू नये. कर्ज तसंच राहतं, हप्ता परत गेल्याचा दंड बसतो, पतगुणांक घसरतो आणि न वटलेल्या धनादेशासारखीच फौजदारी कारवाईही होऊ शकते.

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून कोणी म्हणेल, सगळ्या चौकटी कोऱ्या ठेवा म्हणजे झालं. ते पुरणार नाही. बँक खात्याच्या नॉमिनीची चौकट वर्षानुवर्षं कोरीच होती आणि माणसांनी ती कोरीच ठेवली. मार्च २०२४ अखेर रिझर्व्ह बँकेच्या निधीत दहा वर्षं कोणी न विचारलेल्या ठेवींचे ७८,२१३ कोटी रुपये जमा होते. त्यातले सगळे नॉमिनीअभावी अडकलेले नाहीत, पण हे एक मोठं कारण आहे. महावितरणच्या ‘गो-ग्रीन’ योजनेत छापील बिल नको असं नोंदवलं की बिलामागे १० रुपये सूट मिळते. बिलावर छापलेला जीजीएन क्रमांक संकेतस्थळावर भरला की काम झालं, तरी कागदी बिल घेणारेच बहुसंख्य आहेत. चौकट कोरी सोडून पुढे जाता येत असेल तर माणूस पुढे जातो.

यावरचा उपाय म्हणजे आधी काहीही न भरता उत्तर मात्र मागणं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चारपर्यंत नॉमिनी देता येतात. ठेवीसाठी प्रत्येकाचा टक्का ठरवता येतो किंवा एकामागून एक असा क्रम लावता येतो, लॉकरसाठी फक्त क्रम. त्याचबरोबर बँकेने विचारलंच पाहिजे आणि ग्राहकाने नकार दिला तर तो लेखी घेतला पाहिजे, असं ठरलं. नकार दिला म्हणून खातं नाकारता येत नाही. ही रचना मला सर्वांत प्रामाणिक वाटते. ‘हो’ किंवा ‘नाही’ तुमचं, पण प्रश्नावरून उडी मारून जाता येणार नाही. पीक विमा, कर्जाचा विमा, कार्डाची आपोआप भरणा पद्धत, अवयवदान, सगळीकडे हाच नमुना चालेल. नॉमिनी लिहिताना एक लक्षात ठेवावं: तो बहुतेक ठिकाणी विश्वस्त असतो, मालक नाही. शेअर्सबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. पैसे त्याच्या हातात येतात, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांचा राहतो. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळलेलं असणं बरं. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे निवडले तर पुढचे वाद कमी होतात.

प्रत्येक ठिकाणी उत्तर मागितलं तर माणसं कंटाळून न वाचताच ‘हो’ म्हणतील, हा आक्षेप खरा आहे. संकेतस्थळांवरच्या कुकीच्या चौकटींनी तो सिद्धही केला आहे. म्हणूनच प्रश्न मोजके हवेत. ज्या निवडीचा परिणाम एका वर्षापेक्षा जास्त टिकतो किंवा ज्यातून पुन्हा पुन्हा पैसे जातात, तिथेच सक्तीने विचारावं. बाकीच्या ठिकाणी समाजाने चांगला आयता पर्याय ठरवून द्यावा, एसीच्या २४ अंशांसारखा, आणि तो का ठरवला हे उघड सांगावं. २०२३-२४ पासून प्राप्तिकराची नवी प्रणाली आयती झाली. घरभाडं किंवा गृहकर्ज दाखवणाऱ्या पगारदाराने दोन्ही हिशेब करून पाहायचे आणि जुनी फायद्याची असेल तर मुदतीत विवरणपत्र भरताना ती निवडायची. मुदत चुकली की निवड गेली. व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि त्याला मनासारखं आत-बाहेर करता येत नाही. असे बदल सरकारने जाहीर केले तरी ज्याला तोटा होणार आहे त्याला व्यक्तिशः कळवण्याची पद्धत अजून नाही.

घरात हे काम वर्षातून एकदा बसून होतं, आणि जून उजाडण्याआधी केलेलं बरं. मेच्या अखेरीस बँकेमार्फत घेतलेल्या प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये कापले जातात. एकाच माणसाच्या दोन बँकांतून दोनदा कापले गेले तरी दावा एकाच दोन लाखांचा मिळतो, दुसरा हप्ता वाया. त्यासाठी तीन महिन्यांचं पासबुक पुरत नाही; वर्षाचं विवरण काढावं, कारण वर्षातून एकदा कापली जाणारी रक्कमच नजरेतून सुटते. सारखी येणारी प्रत्येक वजावट खुणेने वेगळी करावी आणि घरातल्या मोठ्या माणसांना विचारावं की ही कशाची. ज्याचं उत्तर कोणालाच येत नाही तिथून सुरुवात करावी. मग नॉमिनी, मग कार्डाची भरणा पद्धत, मग विम्याच्या पॉलिसी. आईच्या किंवा सासूबाईंच्या नावावरच्या खात्यांकडे विशेष लक्ष द्यावं. त्यांच्या मोबाइलवर आलेले ‘२४ तास आधीचे’ संदेश कोणी वाचलेले नसतात, आणि त्यांच्या वतीने निर्णय घेण्याऐवजी त्यांना शेजारी बसवून विचारलेलं बरं.

उरतो भाषेचा प्रश्न. इंग्रजीत छापलेल्या बारा पानांवर मराठी माणसाची सही घेऊन त्याला संमती म्हणणं अन्यायाचं आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ सांगतो की संमतीची मागणी सोप्या भाषेत हवी, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत पाहण्याची सोय हवी, आणि संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीविषयीच्या तरतुदींना अठरा महिन्यांची सवलत मिळाली. ही सवलत संपण्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. कर्जाचं विवरण कळेल त्या भाषेत मागण्याचा हक्क आजच आहे, फक्त तो लेखी मागावा लागतो: ‘मला मुख्य तथ्य विवरण मराठीत हवे आहे, ते मिळाल्यानंतर सही करीन’ एवढं एक वाक्य अर्जावर पुरतं. दाद मिळाली नाही तर आधी त्याच बँकेत लेखी तक्रार करावी, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. तिथे शुल्क नाही. खरेदीतल्या फसवणुकीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. तक्रारीला जोडायला आधीच खूण केलेल्या चौकटीचा फोटो पैसे भरण्यापूर्वीच काढून ठेवावा, कारण पुढच्या पानावर गेल्यावर ती चौकट पुन्हा दिसत नाही.